जांभळी रिबीन

पुण्याहून मुलीचा फोन आला. तिच्या ओळखीच्या एकाला जुन्या कॉम्प्युटरचं सामान जमवायचा नाद आहे. प्रिंटरच्या रिबिनी, कडेला भोकं असलेला कागद, असं काही उरलंय का आपल्याकडे? "बघतो," म्हणालो, पण कपाट उघडायला आठ दिवस लावले. आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

शेलूबाजारात घरी कॉम्प्युटर घेणारा मी पहिलाच मास्तर. माझा तोरा तर विचारूच नका. शाळेचा निकाल घरच्या प्रिंटरवर छापायचो आणि ती करकर ऐकायला शेजारी दारात यायचे. नवी रिबीन अकोल्याहून आणावी लागे, म्हणून टाइपरायटर दुरुस्त करणारे चाचा जुनीच रिबीन डबीतून काढून तेलाच्या काळ्या शाईत भिजवून द्यायचे. त्याला दोन दिवस लागत. एकदा निकालाच्या आदल्या दिवशी अक्षरं पुसट उमटू लागली आणि मला दम निघेना. शाळेतली शिक्क्याची जांभळी शाई मीच रिबिनीवर ओतली. वीसेक पानं झकास निघाली, मग ती शाई वाळून प्रिंटरच्या अक्षरं उमटवणाऱ्या सुया चिकटून बसल्या.

सकाळी पालक दारात, आणि निकाल अर्धाच. मी प्रिंटर उचलला आणि त्या सगळ्यांना घेऊनच चाचांचं दुकान गाठलं. "चाचा, कोणती घाण शाई भरून देली तुमी? माह्या मशीनची वाट लावली!"

चाचांनी रिबीन उघडली. त्यांची बोटं जांभळी झाली. ती चिंधीला पुसत त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिबीन डबीत घालून माझ्या हातात परत दिली.

"पाहा, तोंड तरी आहे काय बोलाले?" मी लोकांना म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात. पुढे वकिलांनी, अडत्यांनी, सगळ्यांनीच त्यांच्याकडे रिबिनी देणं बंद केलं. मी ते बघत होतो आणि गप्प होतो.

कपाटात रिबीन वाळून कडक झाली होती. शेजारी शाईची अर्धी बाटली. त्याच संध्याकाळी चाचांच्या घरी गेलो. ते आता फार थकलेत.

"चाचा, थे शाई मीच टाकली होती."

"मले तवाच समजलं होतं. माह्या शाईनं बोटं काळे होतात, जांभळे नाही."

"मंग बोलले काहून नाही?"

"पोरं शिकत होते तुमच्यापाशी. मास्तरले चार लोकायसमोर खोटं कायले पाडू?" मग म्हणाले, "तुमी मात्र चार लोकायसमोर बोलले होते, सर. सांगाले एकटेच आले."

परतताना स्टँडवरच्या हॉटेलात त्या दिवशीच्या पालकांपैकी दोघं चहा पीत बसले होते. "या सर," त्यांनी हाक मारली. मी बसलो, कपभर चहा प्यालो, आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिलो.