पिंट्या आणि पॅसेजमधला कढीपत्ता

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते आणि त्यामुळे मला एकदा सावंतकाकूंच्या आमटीत पळी घालून फुलपाखरू शोधावं लागलं.

वर्गाच्या खिडकीत आम्ही कुंडीत कढीपत्ता लावलाय. त्यावर एक अळी आली. (सुरुवातीला ती हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसायची. मी पुसायला गेलेले!) पोरांनी तिचं नाव पिंट्या ठेवलं. पिंट्या पानं खाऊन खाऊन हिरवागार, गुबगुबीत झाला आणि एका काडीला चिकटून त्यानं कोष केला. फुलपाखरू बाहेर येताना बघायचंच म्हणून पोरं मधल्या सुट्टीतही खिडकी सोडेनात. नेमकं तेव्हाच रविवारी शाळेत पेस्ट कंट्रोल निघालं.

"बाई, तुम्ही घरी न्या ना त्याला! सांभाळाल ना नीट?" अख्खा वर्ग रडकुंडीला आलेला.

"अरे, मी विज्ञानाची बाई आहे!" मी छाती फुगवून म्हटलं.

शनिवारी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं मानपाड्याला घरी आले. गॅलरीत बुलबुल येतात, ते कोष टिपतील, म्हणून कुंडी अगदी सुरक्षित जागी ठेवली. दाराबाहेर, पॅसेजमध्ये! आता आमच्या इमारतीत दाराबाहेरचा कढीपत्ता ज्याच्या हाताला लागेल त्याचा. विचारायची पद्धत नाही. उलट विचारलं तर माणसं रागावतात. त्यात रविवार म्हणजे पोहे, उपमा, आमटी, सगळ्यांच्या फोडण्या एकदम. हे सगळं मला ठाऊक होतं, फक्त आठवलं नाही.

सकाळी उशिरा दार उघडलं तर कुंडीत नुसता खराटा.

"पिंट्या गेला!" मी किंचाळले.

समोरच्या सावंतकाकू हात पुसत धावत आल्या. "अगं बाई! कधी? कशानं?" (पिंट्या कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण धीर द्यायला ओळख कशाला लागते!)

"काकू, तुम्ही कढीपत्ता नेलात?"

"दोनच काड्या गं. आमटीत टाकल्या."

मी थेट त्यांच्या ओट्याशी. पळीनं एकेक पान वर काढून बघू लागले.

"अगं, आमटी हवी तर वाटीत देते की!"

"काकू, ह्यात फुलपाखरू असेल."

काकूंनी गॅस बंद केला. "आमचे हे दोन वाट्या प्यायलेत गं!"

तिथे पिंट्या नव्हता. मग मी शेजारचे पोहे उपसले, वरच्यांच्या उपम्यात चमचा फिरवला. अर्ध्या इमारतीनं त्या दिवशी नाश्ता टाकून दिला. रडवेली होऊन घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "कढीपत्त्यासाठी एवढं रडतात का? लोक ओरबाडायला लागले म्हणून उरलेला मी काढून ठेवलाय. फ्रीजमध्ये, डब्यात."

फ्रीजमध्ये! डबा उघडला. पिंट्या काडीला चिकटून पडलेला, गारठलेला.

"गेला का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?"

"विज्ञानाची बाई तूच ना?"

ती काडी मी दोऱ्यानं खराट्याला बांधली आणि सोमवारी कुंडी घेऊन वर्गात गेले.

"बाई, पिंट्या काळा पडलाय!"

संपलं. पोरांच्या तोंडाकडे बघवेना. मी फळ्याकडे वळले. "आता मध्ये कुणी बोलायचं नाही," असं बजावून मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. मागे अगदी चिडीचूप. मला वाटलं, बिचारी दुःखात आहेत. डोळे पुसून मी वळले, तर फुटलेल्या कोषाला लटकून एक ओलसर काळं फुलपाखरू हळूहळू पंख पसरत होतं! साऱ्या वर्गानं त्याला बाहेर येताना पाहिलं होतं, एक मी सोडून.

"अरे, मला हाक का नाही मारली?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, मध्ये बोलायचं नाही."

फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'आपला पिंट्या आता आपल्यात राहिला नाही.'

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, हे वहीत उतरवून घ्यायचं का?"