हळद पिणारी फियाट

राहनाळच्या सावळारामने वीस वर्षं भिवंडीतल्या एका लूमवाल्या शेठची गाडी चालवली. चौऱ्याहत्तर साली शेठने नवी गाडी घेतली आणि जुनी फियाट सावळारामला देऊन टाकली. त्या दिवसापासून हा माणूस एसटीत चढला नाही. दारात गाडी असताना तिकीट काढायचं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे.

गाडीचा रेडिएटर गळका होता. पाण्यात चिमूटभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं, हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. सावळाराम मूठ मूठ टाकी. घरात कालवण पांढरंफटक आणि गाडी मात्र टुणटुणीत. दोन वर्षांनी मात्र हळदही पुरेना, म्हणून त्याने भंगारवाल्याकडून दुसरा रेडिएटर आणून ठेवला.

तेवढ्यात खारबावहून निरोप आला. त्याच्या बायकोची, आनंदीबाईची आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं लेकीचं नाव घेत होती. आनंदीबाई पिशवी भरून एसटीला निघाली, तर हा आडवा आला.

"बस कशाला? उद्या गाडीनं नेतो."

अंगणात उकिडवं बसून त्याने पाणी सोडलं, पाइप काढले, बोल्ट सोडवले. शेजारचा सत्तार लूमवर फिटर होता. निघालेलं पिवळं पाणी बघून तो म्हणाला, "चाचा, इंजिनमधी हल्दीचा गाळ हाय. पहिले ते धुवा, मग दुसरा बसवा."

"वीस वर्सं गाडी चालवतोय मी," सावळाराम म्हणाला आणि रेडिएटर तसाच बसवला.

संध्याकाळी गाडी सुरू केली. इंजिनातला सगळा गाळ रेडिएटरात जाऊन बसला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. दुसरा अख्खा दिवस सगळं पुन्हा खोलून धुण्यात गेला. आनंदीबाई ओट्यावर बसून राहिली. मला तिचाही राग येतो. बस होती, पाय होते. पण नवऱ्याचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खारबावला पोचले. म्हातारीला आदल्या दुपारीच गावकऱ्यांनी स्मशानात पोचवलं होतं. त्या घरात तिच्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं. दिवसपाणी होईपर्यंत आनंदीबाई तिथेच राहिली, मग घराला कुलूप लावून गाडीत बसली.

रस्त्यात सावळाराम खुशीत म्हणाला, "बग, जरा पन तापली न्हाय. आता कवा बी सांग, म्हायेरला आनून सोडतो."

"कुनाकडं?" आनंदीबाईने विचारलं.