प्रवाळावरची हिरवी जाळी

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरातली मी, अन् काम करते मालवणात, समुद्राच्या तळाशी. गावात अजून कुणाला ते धड कळलेलं नाही. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं, एवढीच ओळख. "मंगळाचा खडा शोधून राहिली का गं?" असं गावाकडं जवळा बाजारला गेले की मला हटकून विचारतात.

बाबांना मात्र मी नीट समजावलं होतं. हे जिवंत असतं. बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून दगडासारखं घर बांधतात, त्यात मासे राहतात. पर्यटकांच्या होड्या त्यावर नांगर टाकतात, माणसं त्यावर उभी राहून फोटो काढतात, अन् ते मोडतं. मोडलेले तुकडे गोळा करून आम्ही पाण्याखाली दोन लोखंडी चौकटींवर बांधले होते. ते जगले तर उजाड झालेली जागा पुन्हा भरणार होती. माझा सगळा जीव त्यात अडकला होता.

त्या उन्हाळ्यात पाणी तापलं अन् तुकडे फिके पडायला लागले. फोनवर मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, "अगं माय, मिरचीचं रोप कोमेजलं तर आपण काय करतो? सावलीच करतो ना? मंग कर की!"

मला हसू आलं. पण आमच्या गटाच्या प्रमुखांना विचारलं, तर तेही म्हणाले, करून बघायला काय हरकत आहे? आठवड्याच्या आत बाबा स्वतः हजर! पोत्यात हिरवी जाळी, रोपांवर टाकतात तीच, आईनं कडा शिवून दिलेली. माझा पाण्यातला चष्मा लावून, होडीतून वाकून त्यांनी चेहरा पाण्यात बुडवला अन् डोकं वर काढून ओरडले, "आरं बाप रे! हे तर वाफेच हायेत की गं!" किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, पोरीच्या वावरात मांडव घालून राहिलो म्हणून. जाळी एकाच चौकटीला पुरली.

ते घरी पोचतात न पोचतात तोच वारा सुटला. शेतातल्या मांडवाला वाऱ्याचाच तेवढा धाक. समुद्रात पाणी चहूबाजूंनी ओढतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जाळीचा कोपरा निसटला अन् ती तुकड्यांवर आपटत राहिली. मी खाली उतरले तेव्हा एकही धड उरला नव्हता.

वर आल्याआल्या फोन लावला. जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. "ही तुमची मिरची न्हाई, बाबा! काहून आणली ती जाळी? सगळं मोडलं!" पलीकडून नुसतं "बरं" आलं.

महिना सरायच्या आत दुसरी चौकटही गेली. तिच्यावर तर जाळी नव्हतीच. आधी पांढरीफटक पडली, मग शेवाळानं माखली. समुद्रच इतका तापला होता की कशाचाच इलाज चालला नसता.

आता फोनवर बाबा जेवलीस का विचारतात, पाऊसपाणी सांगतात. समुद्राचं नाव काढत नाहीत. फार वाईट वाटतं. गावी गेले तेव्हा त्यांच्यासमोर बसून दुसऱ्या चौकटीचे फोटो दाखवले. म्हटलं, "बाबा, जाळी नसती तरी गेलंच असतं. हे बघा ना. खरंच सांगते."

त्यांनी एकेक फोटो शांतपणे पाहिला अन् मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"माझं मन राखून राहिली तू," म्हणाले, अन् उठून गेले.