भाव पडतोय!

जगातल्या प्रत्येक जुन्या वस्तूची एक खरी किंमत असते आणि ती फक्त आमच्या थोरल्या साडूंना ठाऊक असते, असं आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. या मताला वेळकाळ नसे. कुणाच्या घरी सांत्वनाला गेलो तरी दोन मिनिटं मान खाली घालून झाली की त्यांची नजर कोपऱ्यातल्या कूलरकडे वळायची, आणि चपला घालताना ते माझ्या कानाशी लागून म्हणायचे, "मोटर बदललेली दिसते. निम्म्याच्या वर कुणी देऊ नये." सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो कारखाना बंद पडला. तपासायला माल उरला नाही, तपासायची खोड मात्र उरली, आणि ती आम्हां नातेवाइकांच्या वाट्याला आली.

त्यांच्या घरात वस्तू वापरण्यासाठी नव्हत्या, पुढेमागे विकताना भाव पडू नये म्हणून होत्या. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, फ्रिजच्या मुठीला कापड, स्कूटरच्या सीटवर दोन कव्हरं, आणि सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचंच जाड प्लॅस्टिक. त्यावर बसलं की करकर आवाज यायचा आणि उन्हाळ्यात उठताना माणूस सोलून निघायचा. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. ती चहा देताना म्हणायची, "ह्यांच्या घरात मी सोडून सगळ्याला कव्हर आहे." साडूंना यात विनोद कुठे आहे ते कळायचं नाही. "वस्तूचं वय वर्षांत मोजत नाहीत, वापरात मोजतात," ते शांतपणे सांगायचे. "वापर कमी, तर भाव जास्त. साधा हिशेब आहे."

पुढे इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिराती देता येऊ लागल्या आणि साडूंना जणू नवी नोकरीच लागली. आमच्या घरी कॉम्प्युटर होता, म्हणून टायपिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. अर्धी कॉलनी त्यांच्याकडे भाव ठरवायला यायची आणि ते मला मजकूर सांगायचे. त्यांचे नियम तीन. विकणाऱ्याने वस्तूतली खोट आधी सांगायची, गुण मागून. घेणाऱ्याने आधी 'का विकताय?' असं विचारायचं, भाव मागून. आणि एकदा भाव ठरला की घासाघीस नाही. स्वतःची स्कूटर विकायला काढली तेव्हा विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी मोठ्या हौसेने बघायला आला होता. साडूंनी त्याला तिसऱ्या गिअरपासून हॉर्नपर्यंत एकेक दुखणं असं काही समजावून सांगितलं, की तो बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब, ही चालती तरी का?" आणि बसने परत गेला. फोनवर कुणी "लास्ट किती?" असं विचारलं की ते फोनच ठेवून द्यायचे. "फर्स्ट आणि लास्ट काय? भाव एकच असतो," असं नंतर मला ऐकवायचे, जणू फोन मीच केला होता.

एकदा मी त्यांच्या नकळत सिडकोतल्या एका बदली झालेल्या माणसाकडून पंखा अगदी मातीमोल भावात आणला. मोठ्या ऐटीत त्यांना दाखवला, तर गृहस्थांनी मला तस्साच खऱ्या भावातले उरलेले पैसे द्यायला परत पाठवलं. "त्याला घर सोडायची घाई होती, म्हणून त्याने स्वस्तात दिला. विकणाऱ्याची अडचण ही वस्तूची खोट नव्हे, बापू!" मी चडफडत गेलो. असल्या माणसाचा साडू होण्यापेक्षा आजन्म ब्रह्मचारी राहणं परवडलं असतं, असं मी त्या दिवशी बायकोला बोलून दाखवलं.

मग ताईला धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग भाजी निवडताना, मग नुसतं बोलताना. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, त्यावर इलाज नाही, आता घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवं मशीन झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून साडूंनी मला इंटरनेटवर शोध घ्यायला लावलं, आणि इंदिरानगरच्या एका घरात तसं मशीन विकायला असल्याचं कळलं.

आम्ही गेलो. एका तरुण सुनेने दार उघडलं. साडू सवयीने मशीनच्या मागे उकिडवे बसले. ते किती तास चाललं हे दाखवणारा आकडा अशा मशीनवर असतो. तो वाचून त्यांचा चेहरा उजळला. "वापर फारच कमी आहे," ते खुशीत म्हणाले. "जवळजवळ कोरंच. बरं, का विकताय?"

त्या मुलीने नुसतं भिंतीकडे पाहिलं. तिथे चंदनाचा हार घातलेला एका म्हाताऱ्याचा फोटो होता. "मामंजींसाठी आणलं होतं," ती म्हणाली. "फार चाललं नाही."

साडू उकिडवेच राहिले. मग उठून त्यांनी, तिने मागितली तेवढी रक्कम तिच्या हातात ठेवली. येताना रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये ते मशीन होतं. मुंबई नाक्यापाशी ते म्हणाले, "बापू, वापर कमी म्हणजे काय, ते मला आज कळलं." मी उगाच मशीन घट्ट धरून बसलो.

त्या दिवसापासून माणूस उलटा झाला. आयुष्यभर वस्तू जपणाऱ्या या गृहस्थाने त्या मशीनला साधं फडकंही घातलं नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते मशीनच्या मागे वाकून आकडा बघत आणि आरोळी ठोकत, "भाव पडतोय!" जेवढं मशीन चालेल तेवढी ताई श्वास घेणार, आणि तेवढा त्याचा भाव उतरणार. त्यांना तो पार रसातळाला न्यायचा होता. ते ताईला बजावत, "हे भंगारात घालायच्या लायकीचं करून ठेव, त्याशिवाय तुला सुट्टी नाही." ताई नाकातली नळी सावरत थांबत थांबत म्हणायची, "जन्मभर… जप जप म्हणालात. आता म्हणता… मोड." मग दोघंही हसायची, आणि हसण्याने तिला धाप लागली की ते घाबरून तिची पाठ चोळत बसायचे. आम्हांलाही तीच भाषा लागली. फोन केला की मी विचारायचो, "अण्णा, भाव काय म्हणतो?" ते म्हणायचे, "पडतोय, पडतोय." त्या 'पडतोय'वर आमच्या घरात त्या दिवशीचं जेवण नीट जायचं.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि भाव पडायचा थांबला. ताई गेली. आकडा म्हाताऱ्याच्या वेळेपेक्षा थोडासाच पुढे सरकला होता.

तेरावं झाल्यावर साडू माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जाहिरात लिहा." एक चाक अडखळतं, आवाज थोडा जास्त आहे, असं नेहमीप्रमाणे सांगून झालं. मग म्हणाले, "शेवटची खोट. फार कमी चाललं आहे."

"अण्णा, ही खोट नाही. याचा तर भाव जास्त येतो."

"खोटच आहे. लिहा. आणि भाव कमी करा."

तेवढ्या एका वेळी त्यांचा हिशेब मला पटला. मी लिहिलं.

चार-दोन 'लास्ट किती'वाल्यांचे फोन आपटून झाल्यावर सटाण्याकडचा एक तरुण शेतकरी आईसाठी म्हणून आला. त्याने मशीनवरून हात फिरवला आणि हरखून म्हणाला, "अण्णा, हे तं नवंच दिसस! आमनं नशीब शे."

मी साडूंकडे पाहिलं. ते इतकंच म्हणाले, "नशीब अजून ठरायचंय. हे भंगार झालं की मला फोन करा. त्याआधी करू नका." तो गोंधळून 'हो' म्हणाला आणि मशीन टेम्पोत घालून गेला.

त्यानंतर साडूंनी भाव सांगायचं सोडलं. कॉलनीतले लोक विचारायला आले तर ते म्हणायचे, "द्या तुम्हांला पटेल त्याला." फोन वाजला की मात्र घाईने उठायचे, आणि दुसरंच कुणी असलं की त्यांचा चेहरा निवांत व्हायचा. असे दोन पावसाळे गेले. मी त्यांच्याकडे बसलो असताना एकदा तो फोन आला. समोरचा इतका मोठ्याने बोलत होता, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, मशीन बंद पडी गयं. मिस्तरी म्हणस, आता दुरुस्त नही होवाव. काल दुसरं आणं."

साडूंनी फोन कानाशी घट्ट दाबला. "आणि आई?"

"माय? ती काय, वट्टावर बशीसन शेंगा सोली ऱ्हायनी. नळी नाकमां, नि तोंड चालूच शे!"

साडू हसले. खूप दिवसांनी हसले. "मग आता त्याची किंमत शून्य," ते म्हणाले, आणि फोन ठेवून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं. डोळे पुसून झाल्यावर ते आतून कात्री घेऊन आले आणि मला म्हणाले, "उठा जरा. हे काढून टाकू."

आम्ही दोघांनी मिळून सोफ्याचं प्लॅस्टिक फाडलं. खालचं कापड अगदी नवंकोरं निघालं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे ताई इतकी वर्षं रोज बसायची, तिथलंसुद्धा.