अपेक्षित गोल

फुटबॉल क्लबात त्याला सगळे दशांश म्हणायचे. माणूसच तसा, चहा कसा झालाय विचारलं तरी तोंडून आकडाच यायचा. जिन्याखालच्या खोलीत तो सामन्याचा व्हिडिओ मागेपुढे करत बसे आणि गोलवर मारलेल्या प्रत्येक फटक्याला किंमत लावी. गोल किती लांब, कोन केवढा, आडवे किती जण. तशा जागेवरून दहा फटक्यांत तीन गोल होत असतील, तर किंमत शून्य पूर्णांक तीन दशांश. या सगळ्यांची वर्षभराची बेरीज, म्हणजे त्या खेळाडूचे साधारण तेवढे गोल व्हावेत. प्रशिक्षकाला इंग्रजीचं वावडं, म्हणून कागदावर यानंच आपल्या भाषेतला शब्द घातला, 'अपेक्षित गोल'. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

पुढच्या फळीत याचा सख्खा धाकटा भाऊ खेळायचा. आईवडील गेल्यावर घरात दोघंच. हंगाम संपला आणि धाकट्याला ठेवायचं की सोडायचं, असा प्रश्न निघाला. गोल तीन. अपेक्षित गोल नऊ.

"नवाची अपेक्षा होती, केले तीन," प्रशिक्षक कागद बघत म्हणाला. "म्हणजे अपेक्षेला उतरला नाही. बरोबर ना?"

अहो, सगळं उलटं होतं! अपेक्षा कुणीच केली नव्हती. नऊ गोल होतील अशा जागी पुन्हा पुन्हा पोचायला अंगात खेळ लागतो. चेंडू खांबाला लागणं हे बरंचसं नशीब, ते आज ना उद्या फिरतं. हे त्या इमारतीत एकट्या दशांशला ठाऊक होतं. पण भावाची बाजू घेतली तर लोक काय म्हणतील? शहाणा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. "कागदावर आहे ते आहे," एवढंच म्हणाला.

धाकटा बॅग भरून परगावच्या क्लबात गेला. घर खायला उठलं. सुट्टीच्या दुपारी दशांश जेवता जेवता त्याचेच सामने लावी, आणि चांगला फटका बसला की बाजूला वळून "बघितलंस?" म्हणे. कोण बघणार, कपाळ! माणसाचा आवाज म्हणाल तर रविवारी धाकट्याचा फोन यायचा. "दादा, जेवलास का?" त्या दोन मिनिटांवर दशांशचा आठवडा निघायचा.

त्या वर्षी धाकट्यानं चौदा गोल केले. मग मात्र दशांशच्या पोटात राहीना. रविवारी फोनवर त्यानं सांगून टाकलं. "तू तेव्हाही चांगलाच खेळत होतास. मला कळत होतं. मी बोललो नाही."



"मला वाटायचं, तुलाही मी कमीच पडलो असं वाटलं," धाकटा म्हणाला. "त्याचा मला राग नव्हता, दादा."

त्यानं फोन ठेवला. पुढच्या रविवारी दशांश ताट वाढून तीन वाजेपर्यंत थांबला, मग गार झालेलं जेवला. त्याच्या पुढच्या रविवारीही फोन आला नाही. आपण होऊन करावा, तर सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.