कर्णिकांचा रफार

दुपारचं जेवण झाल्यावर पाठ टेकते. दहाच मिनिटं, असं स्वतःला बजावून. चार वाजता छापखान्यात फाइल जायची आहे. ठाण्यातल्या तळ्यांवरचं पुस्तक तीस वर्षांनी पुन्हा निघतंय. जुन्या फॉन्टातला मजकूर नव्या सॉफ्टवेअरने दोन मिनिटांत युनिकोडमध्ये आणून दिला आणि त्यानंतर आठ दिवस मी सांडलेल्या वेलांट्या गोळा करते आहे. पंख्याचा आवाज लांब जातो. कागद चिकटवायच्या रबर सोल्यूशनचा वास येतो.

"कुंदा, वाजले किती?"

रंगनाथ कर्णिक. आमच्या छापखान्यातले आर्टिस्ट. मला पेस्टिंग, म्हणजे कापलेला मजकूर पानावर चिकटवणं, शिकवलं ते यांनी. जाऊन एकोणीस वर्षं झाली. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर वाकून ते चकचकीत ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोकागदावरचं एकेक अक्षर कापताहेत. भिंतीवरच्या घड्याळाला काट्यांऐवजी दोन ब्लेडं आहेत.

"साडेतीन, काका."

"तपासलंस सगळं?"

"दोनशे बारा पानं. दोनदा."

"दोनशे बारा?" ते मान वर करत नाहीत. "पुस्तक तर दोनशे सोळाचं होतं."

पहिली चार पानं मी पाहिलीच नाहीत. तिथे काय, नावं आणि पत्ते.

"घाई तुला तेव्हाही होती," ते म्हणतात. "कॉम्प्युटर आला आणि दुसऱ्या दिवशी बाई माझ्या खुर्चीत."

"मालकांनी बसवलं. तुम्ही शिकायला आला नाहीत."

"बोलावलंस?"

बोलावलं नव्हतं.

टेबल म्हणजे माझा ओटा आहे, काच म्हणजे परात. काका बाह्या सारून पीठ मळताहेत, भराभर.

"काका, हे काय?"

"तूच केलंस ना. कणीक केलीस माझी. आणि तीही ऱ्हस्व णि!" ते हसतात, डोळे हसत नाहीत. "अक्षरं कॉम्प्युटरवरची, पण पानं मी चिकटवलेली. माझ्या हातचं शेवटचं पुस्तक होतं गं ते."

मी कीबोर्डकडे धावते. जुन्या फॉन्टात अक्षर आधी, रफार मागाहून त्याच्या डोक्यावर. नव्यात रफार आधी, अक्षर नंतर. माझी बोटं जुनंच करतात. कळा पिठासारख्या मऊ, दाबल्या की वर येत नाहीत. घड्याळातलं मोठं ब्लेड खाली येतंय.

"सापडत नाही, काका."

"बोट पुढे कर."

ब्लेडच्या टोकावर काहीतरी काळं, वाकडं, तांदळाच्या कणीएवढं. ते माझ्या बोटावर अलगद उतरवतात. बोलताना असा रफार उडू नये म्हणून पूर्वी आम्ही श्वास धरायचो. मी श्वास धरते.

"आता बोलावलंस तर येईन हो शिकायला," ते म्हणतात.

श्वास सुटतो तो पलंगावर. तीन सत्तेचाळीस. तशीच उठून फाइल उघडते. चौथं पान. खाली, बारीक अक्षरात:

मांडणी : रंगनाथ कणिक

रफार आधी. मग ण. बसतो. तीन छप्पन्नला फाइल जाते.

मग माउसवरून हात उचलते. उजव्या तर्जनीवर ब्रोमाइडचा एक काळा, वाकडा तुकडा चिकटलेला आहे. रबर सोल्यूशन अजून ओलं आहे.