आंघोळीनंतरही न उतरलेली हळद

त्या वर्षी सोयाबीन निघून गेलं तरी ह्यांची खाज काही जाईना. मळणीत भुशाचं कुटार उडतं, अंगाला चिकटतं, दोन दिवस सगळेच खाजवतात. पण ह्यांचे तळहात, तळपाय, पाठ, सगळंच खाजायचं आणि अंगावर पुरळ म्हणाल तर एक नाही. खोबरेल झालं, कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली. शेवटी पाठ खाजवायला ह्यांनी माझं उलथनं पळवलं. दिग्रसच्या दवाखान्यात चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कुटार आहे वं ते. जाईन."

त्यातच पोरीचं लग्न आलं. हळदीला नवरीच्या बापाला कोण सोडतं? बायांनी त्यांना कानापर्यंत माखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून अंगणात आले आणि मी वैतागले.

"साबण लावला का नाही?"

"दोनदा लावला."

मी ओल्या टॉवेलनं त्यांची मान घासली. हळद निघेना. मग तोंडाकडे नीट बघितलं, तर डोळेही पिवळे. डोळ्यांत कुणी हळद लावत नाही. "ही कावीळ आहे," मी म्हटलं.

"पोरीले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "लग्न सोडून रडत बसन. तिची पाठवणी होऊ दे, मंग तू म्हणशीन तिथं येतो."

मी ऐकलं. पण अक्षता पडेपर्यंत माझं लक्ष नवरीकडे नव्हतंच. पाहुणे म्हणत होते, बापाच्या तोंडावर काय तेज आलंय! मला त्या तेजाचा असा राग आला होता.

पोरीची गाडी वळली तशी ह्यांना दुसऱ्या गाडीत बसवून यवतमाळ गाठलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी तो काढला. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, फार वाढलंय, पित्त अडलं म्हणूनच अंगाला खाज, असं त्यांनी समजावलं. बाजारात सोयाबीनची ओल मोजताना विचारावं, तसं हे प्रत्येक रिपोर्टला विचारायचे, "उतरलं का?" ते उतरत गेलं, हळूहळू खाजही गेली.

पोरगी माहेरी आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती रागावली, रडली, पोटभर जेवली आणि पुन्हा बापाशी भांडत बसली. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

परवा दुपारी हे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जराशी पाठ खाजवून देतं का?"

हातातलं धान्य पाखडायचं सूप मी खाली ठेवलं. त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. डोळे पांढरे स्वच्छ होते.

"खाज नाही वं," ते हसले. "सवय पडली."

उलथनं आणायला मी काही उठले नाही. हातानंच खाजवत बसले.